जुन्या चित्रपटांसाठी वाहिनी मागावी की वेळ?

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावेत असे जुने मराठी चित्रपट आणि पूर्वीची कार्टून यांच्यासाठी चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनी असावी, अशी मागणी करणारे निवेदन आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्याने तयार केले आहे आणि आम्ही सध्या त्यावर सह्या गोळा करीत आहोत. माझ्या सूनबाई म्हणतात, "बाबा, सगळं मोबाइलवर आहे, वेगळं चॅनेल कोण बघणार?" आठ वर्षांचा नातू तर कृष्णधवल चित्र दिसले की उठून जातो. दुसरीकडे आमच्या ओळखीचा केबलचालक म्हणतो, "गुरुजी, पेन ड्राइव्हमध्ये पिक्चर आणून द्या, मी माझ्या लोकल चॅनेलवर लावतो." आमची मागणी रास्त आहे का, आणि केबलचालकाचे ऐकावे का?

– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी द्यावे लागेल, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. केबलचालकाच्या हाती पेन ड्राइव्ह देऊ नका. त्याचा हेतू चांगलाच असेल. परंतु केबलवरून घरोघरी चित्रपट दाखवणे हे कायद्याच्या दृष्टीने जाहीर प्रसारण ठरते आणि त्यासाठी हक्कधारकाचा परवाना लागतो. 'इतका जुना चित्रपट, आता कोण विचारणार?' हा युक्तिवाद आपल्याकडे फार ऐकू येतो आणि तो जेमतेम अर्धा खरा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क, तो प्रदर्शित झाल्यानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. १९६० साली पडद्यावर आलेल्या 'जगाच्या पाठीवर' या चित्रपटाचे उदाहरण घ्या. चित्रपट म्हणून त्याच्यावरील हक्काची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. मात्र त्यातील गीते गदिमांची आणि चाली कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडके यांच्या आहेत, आणि साहित्य व संगीत यांवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. गदिमा १९७७ मध्ये गेले आणि बाबूजी, म्हणजे फडके, २००२ मध्ये. म्हणजे शब्दांवरील हक्क २०३७ पर्यंत आणि चालींवरील हक्क २०६२ पर्यंत कोणाच्या तरी नावावर राहणारच. हा 'कोणीतरी' कवीचा वारस असेल, निर्मात्याचा वारस असेल किंवा एखादी ध्वनिमुद्रिका कंपनी असेल. तो कोण हे शोधण्याचे काम चित्रपट दाखवणाऱ्याचे आहे. हक्कभंगासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. आयुष्यभर मुलांना प्रामाणिकपणाचे धडे दिल्यानंतर निवृत्तीत ही उठाठेव नको.

आता मूळ मागणीकडे वळू. हे चित्रपट टिकावेत, दिसावेत आणि नव्या पिढीच्या डोळ्यांखालून जावेत यात मला काडीचीही शंका नाही, आणि ही गोष्ट कोल्हापूरकराने सांगावी यात औचित्यही आहे. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून आपण रोज जातो, परंतु तो ज्यांच्या स्मरणार्थ उभा आहे त्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत केलेल्या मूकपटांपैकी आज पाहायला मिळतात ते जवळजवळ तुकडेच. १९२९ मध्ये याच शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, १९३२ मध्ये तिने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट दिला आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. पुढे २००३ च्या जानेवारीत पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती जळून गेल्या. जुनी नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते, ती वर्षानुवर्षे सांभाळणे खर्चाचे असते, आणि ज्या चित्रपटाला प्रेक्षकच नाही त्याच्या प्रतीवर खर्च करायला कोणी पुढे येत नाही. म्हणून दाखवणे आणि जपणे ही दोन कामे वेगळी काढता येत नाहीत. एवढ्यापुरते तुमचे निवेदन अगदी रास्त आहे.

परंतु एखादी गोष्ट मोलाची असणे आणि तिच्यावर चोवीस तासांची वाहिनी चालणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर समजून घेण्यासाठी अशा वाहिन्या जिथे खरोखर उभ्या राहिल्या तिथे त्या कशामुळे उभ्या राहिल्या ते पाहावे लागेल. अमेरिकेत टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम या स्टुडिओचा जुना चित्रसंग्रह ताब्यात घेतला आणि १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा ही कार्टून तयार करणारी कंपनी घेतली. साठा असा हातात आल्यावर १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क आणि १९९४ मध्ये जुन्या चित्रपटांची टर्नर क्लासिक मूव्हीज, अशा दोन वाहिन्या निघाल्या. पुढे २००० मध्ये केवळ जुन्या कार्टूनसाठी बूमरँग ही तिसरी वाहिनीही सुरू झाली. तिन्ही वेळा क्रम एकच होता : आधी कोठार, नंतर वाहिनी. एका मालकाकडे हजारो चित्रपटांचे निर्विवाद हक्क होते, म्हणून मध्यरात्री तीन वाजता काय लावायचे हा प्रश्न त्याला पडला नाही.

मराठीत असे कोठार एका हातात नाही. आपल्याकडचे निर्माते बहुधा एकेकटे होते. एखाद्याने दोन चित्रपट काढले, एखाद्याने घर गहाण ठेवून एकच काढला, आणि ते हक्क पुढे मुलांत, भावंडांत, वितरकांत आणि कर्ज देणाऱ्यांत विखुरले गेले. प्रभातसारख्या मोठ्या कंपनीचीही सत्तावीस वर्षांतील मराठी-हिंदी मिळून निर्मिती सुमारे ४५ चित्रपटांची आहे. आता शिक्षकाच्या नजरेने हे गणित सोडवून पाहा. वाहिनीला वर्षात ८,७६० तास भरावे लागतात. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती धरल्या, तर अडीच तासांचा चित्रपट तीन तासांहून थोडा अधिक वेळ घेतो. म्हणजे दिवसाला सात-आठ चित्रपट. प्रभातचे सगळे कर्तृत्व सहा दिवसांत संपेल. समजा, अत्यंत कष्टाने तीनशे उत्तम, कौटुंबिक, हक्क स्वच्छ असलेले आणि दाखवण्याजोग्या प्रतीचे मराठी चित्रपट जमवले, तरी चाळिसाव्या दिवशी पहिला चित्रपट पुन्हा लागेल. आणि पातेले मोठे व तांबडा रस्सा थोडा असला की पाणी घालण्याचा मोह कोणाला आवरतो? पहिल्या वर्षी अभिजात चित्रपट, दुसऱ्या वर्षी 'जुने' या नावाखाली सापडेल ते, आणि तिसऱ्या वर्षी दाक्षिणात्य मारधाडपटांची भाषांतरे, अशी घसरण व्हायला वेळ लागत नाही. खुद्द बूमरँगलाही काही वर्षांनी जुना बाज सोडून नव्या मालिकांकडे वळावे लागले, आणि तिच्यामागे तर एवढा मोठा साठा होता.

कार्टूनचे गणित याहूनही कठीण आहे. 'टॉम अँड जेरी' म्हणजे न संपणारी मालिका, असे आपल्याला लहानपणापासून वाटत आले आहे. प्रत्यक्षात विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात चित्रपटगृहांसाठी तिचे ११४ लघुपट केले आणि प्रत्येक साधारण सात मिनिटांचा आहे. सगळे सलग लावले तर तेरा-साडेतेरा तास होतात, म्हणजे सकाळी सहाला सुरुवात केली तर संध्याकाळच्या दिवेलागणीला खेळ संपला. त्या सात मिनिटांसाठी कलाकारांनी हजारो चित्रे हाताने काढली होती, म्हणून ती मिनिटे इतकी दाट आहेत. पण दाट मिनिटांनी चोवीस तास भरत नाहीत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर सल्ला एकांगी होईल. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेत मीटीव्ही टून्स नावाची जुन्या कार्टूनची नवी वाहिनी सुरू झाली आणि तीही घरावरच्या अँटेनाने फुकट दिसणारी. म्हणजे मागणी मेलेली नाही आणि कट्ट्यावरची तुमची मंडळी काही वेडी नाहीत. मात्र ती वाहिनीसुद्धा वॉर्नर या मोठ्या संग्रहाच्या मालकाला सोबत घेऊनच निघाली.

मराठी चित्रपटांच्या वाहिन्या आपल्याकडे आहेतच. झी टॉकीज २००७ पासून आहे, प्रवाह पिक्चर २०२२ मध्ये आली. त्यांवर जुने चित्रपट लागत नाहीत असे नाही. ते बहुधा कामकाजाच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी लागतात, मधली गाणी कापलेली असतात आणि तुमच्या नातवासारखा प्रेक्षक तेव्हा शाळेत असतो. याबद्दल वाहिनीला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. ती जाहिरातींवर चालते, जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येवर ठरतो, आणि रात्री नऊ वाजता १९४१ चा चित्रपट लावून ती संख्या मिळत नाही. टर्नर क्लासिक मूव्हीजला हे जमले, कारण ती मध्ये जाहिराती घेत नाही. तिचा खर्च मुख्यतः केबल ग्राहकांच्या वर्गणीतून निघतो. आपल्या पेठेतील किती घरे केवळ जुन्या मराठी चित्रपटांसाठी महिन्याला वेगळे पैसे मोजतील, हा प्रश्न सही घेताना सोबतच विचारून पाहा. सही फुकट असते, त्यामुळे ती पटकन मिळते.

टर्नर क्लासिक मूव्हीजकडून घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. १९९४ पासून २०१७ मध्ये निधन होईपर्यंत रॉबर्ट ऑस्बोर्न नावाचे गृहस्थ चित्रपटाआधी पडद्यावर येऊन चार वाक्ये बोलत : हा कोणी केला, कोणत्या अडचणीत केला, कोणत्या प्रसंगाकडे लक्ष द्या. प्रेक्षक त्या माणसावर विश्वास ठेवून अनोळखी चित्रपटासमोर बसत. आपल्याकडे याची उणीव आहे, आणि तुमच्या सूनबाईंच्या आक्षेपाचे उत्तरही इथेच सापडते. सगळे मोबाइलवर आहे, हे त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. कितीतरी जुने मराठी चित्रपट यूट्यूबवर आहेत, आणि प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू केलेल्या वेव्हज या ॲपवर दूरदर्शनच्या जुन्या मालिकाही आहेत. परंतु मोबाइलवर शोधायला नाव ठाऊक असावे लागते. ज्याने 'शेजारी' या जुन्या चित्रपटाचे नाव कधी ऐकलेच नाही तो ते टाइप कसे करणार? साठा उपलब्ध असून ओळख करून देणारे कोणी नाही, ही आजची अडचण आहे आणि चोवीस तासांची वाहिनी ती सोडवत नाही. ती फक्त आणखी एक न उघडलेला साठा देते.

तेव्हा माझा सल्ला असा की, निवेदन फाडू नका, पण त्यातील मागणी बदला. स्वतंत्र वाहिनीऐवजी असलेल्या वाहिनीवर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेला वेळ मागा. मुंबई दूरदर्शनचा शनिवारचा मराठी चित्रपट तुमच्या पिढीला पाठ आहे. त्या काळी दुसरा पर्यायच नव्हता, त्यामुळे त्या लोकप्रियतेतील किती वाटा चित्रपटांच्या गुणांचा आणि किती नाइलाजाचा हे सांगणे कठीण आहे, हे मान्य. तरीही ठरलेल्या वेळेचा एक गुण खरा होता. घरातल्या सर्वांना एकच गोष्ट एकाच वेळी पाहावी लागे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत, बाजारात, तालमीत तिच्यावर बोलता येई. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागणाऱ्या चित्रपटासाठी कोणी धावत घरी येत नाही.

मागणी कोणाकडे करायची, याचाही विचार झाला पाहिजे. खासगी कंपन्यांना पत्र जरूर पाठवा, परंतु मुख्य पत्ता सरकारी ठेवा, आणि त्यामागे भावनेपेक्षा व्यवहार आहे. मराठीत एका हाती कोठार नाही असे मी वर म्हटले. त्याला एक अपवाद आहे आणि तो सार्वजनिक मालकीचा आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेली बालचित्रपट संस्था, सरकारी माहितीपट काढणारी फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे १९६४ पासूनचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, या तिन्ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. म्हणजे मुलांसाठी सरकारी खर्चाने काढलेले चित्रपट, फिल्म्स डिव्हिजनची कार्टून आणि जुन्या चित्रपटांच्या जतन केलेल्या प्रती आता एकाच छपराखाली आहेत. दुसरीकडे सह्याद्री वाहिनी आहे, जी सार्वजनिक प्रसारक म्हणून केवळ जाहिरातींच्या हिशेबाने चालणे अपेक्षित नाही. एकाकडे साठा, दुसऱ्याकडे प्रक्षेपणाची सोय, आणि दोघेही केंद्र सरकारच्या एकाच मंत्रालयाच्या अखत्यारीतले. त्यांनी एकत्र येऊन आठवड्याला तीन तास द्यावेत, ही मागणी कोणालाही हास्यास्पद म्हणता येणार नाही. नवी वाहिनी मागितलीत तर परवाना, उपग्रहावरील जागा, कर्मचारी आणि निधी अशी उत्तरे तयार असतील. तीन तास नाकारायला तितकी कारणे मिळणार नाहीत.

वेळेसोबत गुणवत्तेच्या अटीही मागा, कारण त्या कोणी सहसा मागत नाही. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी आकाराच्या चौकटीत चित्रित झाले होते. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणून दाखवले की चेहरे फुगतात, माणसे बुटकी दिसतात, आणि मुलांना वाटते की पूर्वीचे चित्रपट असेच बेढब असत. चित्र मूळ आकारात, दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडून दाखवावे, असे स्पष्ट लिहा. गाणी व प्रसंग कापू नयेत, श्रेयनामावली पूर्ण दाखवावी, सुरुवातीला दिग्दर्शक, वर्ष आणि चित्रीकरणाचे ठिकाण सांगणारी पाच मिनिटांची ओळख असावी आणि संवादांना मराठी उपशीर्षके असावीत. उपशीर्षके मराठी चित्रपटाला कशाला, असे कट्ट्यावर कोणी विचारील. जुन्या ध्वनिमुद्रणातील खरखर आणि त्या काळची जलद, नाटकी बोलण्याची ढब यांमुळे आजच्या मुलांचा अर्धा संवाद निसटतो, आणि ज्येष्ठांपैकी अनेकांना कमी ऐकू येते हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

कार्टूनचा विषय मात्र या निवेदनातून वेगळा काढा, असे मी आग्रहाने सांगेन. दोन्ही गोष्टींना 'जुने' हे एकच विशेषण लागत असले तरी त्यांची स्थिती सारखी नाही. जुने मराठी चित्रपट विपुल आहेत आणि दिसत नाहीत. जुनी मराठी कार्टून मुळात फारशी झालीच नाहीत. प्रभातने १९३४ मध्ये 'जंबूकाका' नावाचा एक कार्टूनपट केला होता, पण त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांना मुंबईत बोलावून आपल्या चित्रकारांना शिकवले, त्यातून राम मोहन यांच्यासारखे कलाकार तयार झाले, आणि विजया मुळे यांचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' हा लघुपट तर दूरदर्शनमुळे देशभराच्या मुलांना तोंडपाठ झाला; पण तो हिंदीत. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी गल्ल्या ओस पडत तो जपानमध्ये तयार झालेला होता. म्हणजे मराठी कार्टूनची आठवण म्हणून आपण जे जपतो ते बहुतेक भाषांतरित किंवा हिंदी आहे. इथे जुने दाखवा यापेक्षा मराठीत नवे काढा, ही मागणी मुलांच्या अधिक उपयोगाची ठरेल. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ईटीव्ही बालभारतची मराठी वाहिनी आहे, हे त्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

निवडीबद्दल एक सावधगिरीची सूचना. 'जुने म्हणजे कौटुंबिक' हे समीकरण आपण फार सहज मांडतो. सुनेला छळणारी सासू, नवऱ्याने हात उगारला तरी मुकाट सोसणारी नायिका, व्यंग असलेल्या माणसावर केलेले विनोद, हे सर्व जुन्या पडद्यावर भरपूर आहे. 'टॉम अँड जेरी'च्या सुरुवातीच्या भागांतील कृष्णवर्णीय मोलकरणीचे चित्रण इतके अपमानास्पद होते की, पुढे त्या भागांत बदल करण्यात आले. असे चित्रपट दडपून टाकावेत असे माझे मत नाही. मोठ्यांनी सोबत बसून त्यांवर बोलावे असे आहे. परंतु निवेदनात 'संस्कारक्षम' हा शब्द तुमच्या मंडळींनी नक्की घातला असेल, आणि त्याची व्याख्या करताना तुमच्या सूनबाईंना बैठकीला बोलावलेत तर यादी बरीच बदलेल.

नातवाचे म्हणाल, तर त्याच्या उठून जाण्याला अभिरुचीचा ऱ्हास वगैरे मोठे नाव देऊ नका. पहिलीच्या मुलाला आपण थेट पाचवीचे पुस्तक देत नाही. अडीच तासांच्या कृष्णधवल पौराणिक चित्रपटाने सुरुवात झाली तर आठ वर्षांचा कोणताही मुलगा उठेल. त्याच्याबरोबर आधी सात मिनिटांचे, जवळजवळ संवाद नसलेले एखादे जुने कार्टून पाहा. मग जुन्या विनोदी चित्रपटातील एकच प्रसंग दाखवा आणि तो हसत असतानाच बंद करा. पुढचे तो मागेल तेव्हा. घरात मोबाइलवर दाखवू नका, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवा, कारण लहान पडद्यावर जुन्या चित्रपटातील दूरची माणसे मुंग्यांएवढी दिसतात.

शिवाय तुमच्या हाताशी असा एक मार्ग आहे, ज्याला ना वाहिनी लागते ना केबलचालक. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे : संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्तींपुरता चित्रपट दाखवला तर तो हक्कभंग होत नाही. गणेशोत्सवात चौकात पडदा बांधून दाखवणे यात बसत नाही, शाळेच्या सभागृहात शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दाखवणे बसते. कोल्हापुरात 'चिल्लर पार्टी' ही विद्यार्थी चित्रपट चळवळ मुलांना जगभरातील चांगले बालचित्रपट दाखवत आली आहे, त्यामुळे मुले मोठ्या पडद्यासमोर गप्प बसतात की नाही याचा अनुभव घेतलेली माणसे तुमच्याच शहरात आहेत. त्यांना भेटा. ज्या शाळेत तुम्ही शिकवलेत तिथले मुख्याध्यापक तुम्हाला नाही म्हणतील असे वाटत नाही.

निवेदनाचा नवा मसुदा करताना सह्यांच्या कागदांपेक्षा एका यादीवर अधिक मेहनत घ्या. दूरदर्शनकडे तेरा भागांची मालिका मंजूर करण्याची जुनी पद्धत आहे, म्हणून तेरा चित्रपट निवडा, म्हणजे एका तिमाहीचे रविवार भरतील. प्रत्येक नावापुढे प्रदर्शनाचे वर्ष, दिग्दर्शक, चित्रपटाची लांबी, सेन्सॉरचे प्रमाणपत्र आणि हक्क कोणाकडे असावेत याची मिळेल तेवढी माहिती लिहा. अधिकाऱ्यासमोर 'वाहिनी हवी' एवढेच पत्र आले तर ते दप्तरी दाखल होते. तेरा नावांची तयार यादी आली तर निदान ती कोणाच्या तरी टेबलावर पुढे सरकते. त्या तेरांत भालजी पेंढारकरांचे चित्रपट किती आणि प्रभातचे किती, यावरून कट्ट्यावर वाद होणार, तो होऊ द्या. फक्त शनिवार संध्याकाळचा हट्ट धरू नका. मुलांच्या शिकवण्या आणि क्रिकेटचे सामने तेव्हाच असतात. रविवारी सकाळी दहाची वेळ मागा.

आपली,
सल्ला सदराची लेखिका